टपरीच्या वहीत माझ्या 131 रेघा

2 फेब्रुवारी 2025, रविवार. आमच्या पतसंस्थेचा वर्धापनदिन आणि त्यानिमित्त रक्तदान शिबिर. मी तिथं लेखापाल. मांडवाच्या भाड्यापासून बिस्किटपुड्यांपर्यंत सगळी बिलं माझ्याच सहीनं गेलेली, तेव्हा आपणही पहिल्या पाचांत रक्त द्यायचं असं ठरवून सकाळी नऊला हजर झाले. वजन 52, बीपी व्यवस्थित. रक्तपेढीच्या मुलीनं बोट टोचलं, रक्त बारीक काचनळीत ओढलं आणि त्यातला एक थेंब समोरच्या निळ्या पाण्यात सोडला. ते पाणी मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं असतं. तासगावकडं माझ्या सासरी द्राक्षबागेवर बोर्डो नावाचं औषध फवारतात, त्यातला मोरचूद हाच. पाण्यात तो अशा बेतानं मिसळलेला असतो की हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल तर थेंब तळाला जातो आणि कमी असेल तर वर येतो. माझा थेंब दोन बोटं खाली गेला, जरा थांबला आणि निवांत वर आला.

मशीनवर पुन्हा बघितलं. 10.8. फॉर्मवर ‘तात्पुरते अपात्र’ लिहिलं गेलं. माझ्या मागं आमचे शिपाईकाका होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांचा थेंब खड्यासारखा बुडाला.

शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी बाजूला बसवून चार प्रश्न विचारले. दम लागतो का, केस गळतात का, पाळीत जास्त जातं का, आणि शेवटी, चहा किती घेता? मी म्हटलं, “सगळे घेतात तेवढाच.” “जेवणावर लगेच?” “हो, दीडला डबा आणि पावणेदोनला चहा.” त्या म्हणाल्या, तो आधी थांबवा. चहातली टॅनिनं जेवणातलं लोह धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत. आणि रक्त नीट तपासून घ्या.

मी त्यातलं ‘थांबवा’ एवढंच ऐकलं. 3 तारखेला सोमवारी सकाळी चहाच टाकला नाही. ह्यांच्यासाठी एक कप केला, स्वतः गरम पाणी पिऊन ऑफिसला गेले. अकराचा कटिंग परत पाठवला तेव्हा बरं वाटलं. दुपारी कोल्ड्रिंकची बाटलीही मागवली नाही. चारच्या सुमाराला डोळ्यांच्या मागून दुखायला लागलं. घरी येईपर्यंत कपाळाला कुणी दोरी बांधून पिरगाळतंय असं झालं. मंगळवार त्याहून वाईट. मळमळ, जांभया, आणि एका आजोबांच्या ठेवपावतीवर मी मुदतीची तारीख 2026 ऐवजी 2062 टाकली. आजोबांनीच दाखवली. “तवर मी कुठला ऱ्हातोय, ताई,” म्हणाले.

त्या दिवशी टेबलाच्या ड्रॉवरमधली डोकेदुखीची गोळी घेतली आणि अर्ध्या तासात डोकं उतरलं. वाटलं, चला, जिंकलो. बुधवारी पुन्हा तेच, पुन्हा गोळी, पुन्हा आराम. रात्री मुलगा पाकीट घेऊन माझ्यासमोर आला. तो तेव्हा बारावीला होता आणि अभ्यास सोडून बाकी सगळं बारकाईनं वाचायचा. “आई, तू काय सोडलंयस?” “चहा.” “मग हे वाच.” मागं बारीक अक्षरांत पॅरासिटामॉलच्या जोडीला लिहिलं होतं, कॅफीन 50 मिलिग्रॅम. म्हणजे कपातून घ्यायचं बंद केलं ते मी पाकिटातून घेत होते. हसावं का रडावं कळेना. मग पातेलं ठेवलं, आलं ठेचलं आणि मोठा मग भरून चहा प्यायले. पहिला प्रयत्न तिथं संपला. तीन दिवस.

दुसऱ्या दिवशी टपरीवरच्या मामांचं महिन्याचं खातं भागवायला गेले. आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर प्रत्येक गिऱ्हाइकाचं वहीत एक पान असतं. माझ्या पानावर वर ‘सोसायटी म्याडम’. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशा जुड्या. आजवर मी शेवटचा आकडा बघून पैसे देत आले. जन्मभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवले, पण हे पान कधी वाचलं नव्हतं. त्या दिवशी जुड्या मोजल्या. सव्वीस आणि एक सुटी रेघ. 131 चहा. जानेवारीत रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार सोडले तर कामाचे दिवस पंचवीस. दिवसाला पाच कटिंग. आणि ‘सगळे घेतात तेवढाच’ म्हणणारी मी शिबिरात विचारलं असतं तर शपथेवर “दोन, फार तर तीन” असं सांगितलं असतं.

पानाचा फोटो काढला. कुणाला हे करायचं असेल तर माझं पहिलं सांगणं हेच, सोडण्याच्या आधी आठवडाभर फक्त मोजा. काही बदलू नका. फोनमध्ये, कॅलेंडरवर, कशावरही एक रेघ.

मी त्या आठवड्यात घरचंही मोजलं. सकाळी सव्वासहाला मोठा मग, सव्वाआठला निघताना दुसरा, ऑफिसात पाच, रात्री नऊला मालिका बघताना एक कप. मापानं बघितलं तर मगात 200 मिली मावतं, मामांच्या ग्लासात ऐंशीच्या आसपास. दिवसाला जवळजवळ साडेनऊशे मिली चहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आयसीएमआरसोबत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मे 2024 मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 150 मिली चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन धरलंय आणि दिवसाची मर्यादा 300 सांगितली आहे. माझं गणित 190 पासून 410 पर्यंत कुठंही बसत होतं. मामांचा चहा उकळून उकळून काळा झालेला असतो, म्हणजे मी कुठल्या टोकाला होते ते सांगायला नको. साखर त्याहून वाईट निघाली. चहातून साठ ग्रॅमच्या आसपास, आणि दुपारची कोल्ड्रिंकची छोटी बाटली धरली तर आणखी सव्वीस. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, जमलं तर पंचवीस.

त्या बाटलीबद्दल एक हिशेबनिसाचा मुद्दा. वीस रुपयांच्या बाटलीवर तेव्हा 28 टक्के जीएसटी आणि वर 12 टक्के सेस होता, म्हणजे चाळीस टक्के कर. वीस रुपयांतले साधारण पावणेसहा रुपये कराचे. हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, पाठ होतं. तरी रोज घेत होते.

8 फेब्रुवारीला, दुसऱ्या शनिवारी, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेले. फी 400. त्यांनी सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) आणि फेरिटिन लिहून दिलं. लॅबमध्ये अनुक्रमे 300 आणि 700 रुपये. वय 43 म्हणून पोटाची सोनोग्राफीही करून घेतली, 1,200. त्यात काही निघालं नाही. फेरिटिन मात्र 6 आलं. फेरिटिन म्हणजे शरीरानं साठवलेलं लोह. हिमोग्लोबिन ही रोजची रोकड, फेरिटिन ही ठेव, असं डॉक्टरांनी मला माझ्या भाषेत सांगितलं. ठेव मोडून खाल्ली होती.

तीन दिवसांच्या डोकेदुखीची गोष्ट सांगितल्यावर ते हसले नाहीत, उलट म्हणाले की हे व्हायचंच होतं. दिवसभरात मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि आपल्याला झोप आणतं. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. रोजच अडवलं की मेंदू जागा वाढवतो. मग एके दिवशी कॅफीन आलंच नाही की अडेनोसिनला सगळं मोकळं रान, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकतं. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होतं, एक-दोन दिवसांत कळस गाठतं आणि आठवडाभरात, फार तर नऊ दिवसांत, उतरतं. “बंद करू नका, आधी सरकवा,” ते म्हणाले. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको. कमी करायचं ते हळूहळू. लोहाची गोळी रोज एक.

एवढं स्पष्ट सांगूनही मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. फेब्रुवारी-मार्च म्हणजे पतसंस्थेत वसुली, एनपीएच्या, म्हणजे थकलेल्या कर्जांच्या याद्या, ऑडिटची तयारी. घरी मुलाची बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीपासून. रेघा कमी व्हायच्या जागी वाढल्या, मार्चमध्ये 148. गोळी मी विसरू नये म्हणून दुपारच्या डब्यासोबत घ्यायचे. 22 मार्चला पुन्हा सीबीसी केली तर 11.0. दीड महिन्यात गुंजभर वाढ. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कधी घेता? जेवणावर. आणि चहा? तो लगेच येतो ना. “मग गोळ्या त्या टपरीवाल्यालाच देत चला,” म्हणाले, “मधला वेळ तरी वाचेल.”

30 मार्चला पाडवा होता, 31 ला वर्षअखेर. पाडव्याच्या संध्याकाळी सात वाजता आम्ही ऑफिसात ताळेबंद जुळवत बसलो होतो, आणि त्या एका दिवसात माझे नऊ चहा झाले. रात्री दोनपर्यंत डोळा लागला नाही. छातीत धडधड. कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात, हे तेव्हा मला माहीत होतं. माहीत असण्यानं झोप येत नाही.

मग 7 एप्रिल, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारपासून नीट सुरुवात केली. ह्या वेळी ठरवलं की आठवड्याला एकच चहा काढायचा, आणि ज्याचं नुकसान सगळ्यांत जास्त तो आधी. तो अर्थातच पावणेदोनचा. गोळीची वेळ बदलून सकाळी अकरा केली, अर्धं लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. अकराचा चहा साडेबाराला नेला तर जेवणाच्या जवळ जात होता, म्हणून दहाला आणला. हे सगळं वेळापत्रक मी डेस्कच्या काचेखाली लिहून ठेवलं होतं. मॅनेजरसाहेबांना वाटलं वसुलीचं आहे.

पावणेदोनची वेळ रिकामी काढणं फार अवघड. तलफ दहा मिनिटांचीच असते, पण त्या दहा मिनिटांत सगळे उठून खाली जातात. चहा म्हणजे खुर्चीतून उठायची परवानगी. मी न उठता बसून राहिले तेव्हा लक्षात आलं की ऑफिसातल्या निम्म्या बातम्या मला टपरीवर कळायच्या. दोन दिवसांनी मीही खाली जायला लागले, हातात घरून आणलेली कोकमाची बाटली घेऊन. ज्याला चहा सोडायचाय त्यानं टपरी सोडू नये, असं माझं मत झालंय. उलटा सल्ला देणारे भेटतील. माझ्याकडून तरी टपरी सोडून झालं नसतं.

पहिल्या आठवड्यात डोकं एकदाच, बुधवारी, जरासं दुखलं. दुसऱ्या आठवड्यात साडेपाचचा काढला, तिसऱ्यात बाराचा. पोटाचा त्रास मात्र झाला आणि तो कुणी आधी सांगितला नव्हता. सकाळच्या चहाशिवाय ज्यांचं पोट हलत नाही अशांपैकी मी एक, त्यात लोहाच्या गोळीनं बद्धकोष्ठ होतं, आणि घाईघाईनं मी सकाळचाही मग निम्मा केला होता. चार दिवस वाईट गेले. सकाळचा मग परत पूर्ण केला, आधी गरम पाणी आणि रात्री भिजवलेले काळे मनुके खाल्ले, मग रुळावर आलं. (गोळ्यांनी शौचाला काळं होतं, घाबरू नका. मी घाबरून फोन केला होता.)

ऑफिसातल्या एकीनं सांगितलं, ग्रीन टी घ्या मॅडम, त्यात काही नसतं. असतं. तीही त्याच झाडाची पानं, कॅफीन कमी असेल पण असतंच. गवती चहा हे खरं तर गवत, त्यात नसतं. आमच्या परसात त्याचा बुंधा आहे, तो आजवर फक्त दुधाच्या चहात पडायचा. आता रात्री नऊला नुसता गवती चहा आणि सुंठ उकळून घेते. पहिले पाच-सहा दिवस आजारी माणसाचा काढा प्यायल्यासारखं वाटलं. सासूबाईंनी विचारलंही, “अगं, ताप आहे का?”

कोल्ड्रिंकचं वेगळंच निघालं. एप्रिलमध्ये सांगलीत ऊन चाळिशीला टेकतं आणि चारला डोळे मिटायला लागतात, म्हणून ती बाटली. डोळे मिटायचे कारण रात्रीची झोप अपुरी. झोप अपुरी कारण नऊचा चहा. तो चहा गेल्यावर दोनेक आठवड्यांत मी अकराला झोपायला लागले आणि चारची गुंगी निम्मी उतरली. तरी घसा मागायचाच. बिनसाखरेची कोल्ड्रिंक आणून बघितली. साखर गेली, कॅफीन जागच्या जागी, आणि जिभेला त्या गोडाची सवय तशीच. मग एका रविवारी बाजारात गोटी सोडा प्यायले, लिंबू-मीठ घातलेला, आणि एकदम उमगलं की मला ना कोला हवा होता ना साखर. मला तो नाकात जाणारा गॅस हवा होता. तेव्हापासून ऑफिसच्या फ्रिजमध्ये साध्या सोड्याची बाटली, लिंबू आणि एका डबीत काळं मीठ-जिरेपूड. मोठी बाटली वीस रुपयांची, तीन दिवस पुरते. शेवटी शेवटी गॅस जातो, तेव्हा त्यात कोकमाचं आगळ घालायचं.

सरबतांबद्दल मात्र सावध राहा. ‘घरचं आहे’ म्हणत मी पन्ह्यात आणि कोकम सरबतात ग्लासाला चार-चार चमचे साखर घालत होते. ती कोल्ड्रिंकमधल्या साखरेहून काही धार्मिक नसते.

मुलाचं प्रकरण मेच्या पहिल्या आठवड्यात उघडकीला आलं. त्याच्या सॅकमध्ये लाल रंगाच्या एनर्जी ड्रिंकच्या तीन रिकाम्या बाटल्या. परीक्षेच्या काळात रोज एक, कधी दोन, मग सीईटीच्या प्रवेशपरीक्षेसाठीही तेच. मी तावातावानं लेबल वाचून दाखवायला लागले, मुलांना देऊ नये असं त्यावर छापलेलंच असतं. आपल्याकडच्या नियमानं अशा पेयात लिटरला 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत 75 पर्यंत. मुलगा शांतपणे म्हणाला, “आई, तुझ्या सकाळच्या मगात किती?” मी हिशेब केला. 40 ते 85. पुढं भांडता आलं नाही. जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत मंत्र्यांनी सांगितलं होतं की शाळांपासून पाचशे मीटरच्या आत जास्त कॅफीनची पेयं विकायला बंदी आणू. पण हा घ्यायचा ते दुकान क्लासच्या खाली. क्लासला शाळा कोण म्हणतं? आम्ही दोघांनी तह केला. तो एनर्जी ड्रिंक सोडणार, मी रात्रीचा चहा. फ्रिजवर दोन रकाने आखले. त्याच्या रकान्यात पहिल्या आठवड्यात दोन रेघा होत्या, माझ्या तीन.

मेअखेरीला मामांकडं खातं भागवायला गेले. अडतीस रेघा. मामांनी वही मिटली, पैसे घेतले नाहीत, आणि जरा आवाज खाली घेऊन म्हणाले, “म्याडम, आमचं काय चुकलं का? दुसरीकडं चालू केलंय म्हणत्यात.” पलीकडच्या गल्लीत नवं अमृततुल्य उघडलं होतं, त्यांना वाटलं मी तिकडं वळले. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की हिमोग्लोबिनपासून सगळं सांगून टाकलं. ते ऐकत ऐकत पातेलं खरवडत होते. मग म्हणाले, “आमच्या मंडळीला पण रक्त कमी सांगितलंय. ती तर दिसभर हितंच बसती.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी साखर वेगळी ठेवली, चहात आधीच नाही घालायची, मागेन तेवढीच. आलं-गवती चहाचं पाणीही करून द्यायला लागले, त्याचेही दहाच रुपये. त्याची रेघ ते लाल पेनानं मारतात.

जूनमध्ये घसरले. वडिलांना मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं, चार रात्री मी सोबतीला. बाहेरच्या बाकावर रात्री तीन वाजता कॅन्टीनचा चहा सोडून दुसरं काही नसतं, आणि सोबतीला बसलेली माणसं एकमेकांना चहाच विचारतात. सहा-सात व्हायचे. वडील घरी आल्यावर मी पुन्हा एकदम शून्यावर गेले नाही. दर तीन दिवसांनी एक काढला, दोन आठवड्यांत जागेवर आले. डोकं दुखलं नाही.

घरच्या चहापेक्षा दुसऱ्याच्या घरचा चहा अवघड. जुलैमध्ये सासरी गावी गेलो, सकाळी चार घरं. “चहा न घेता जायचं न्हाई” हे वाक्य चारही घरांत. नको म्हटलं की चेहरा पडतो. पित्त झालंय म्हटलं तर बडीशेप येते. डॉक्टरांनी नको म्हटलंय सांगितलं तर शुगरची चौकशी सुरू होते आणि दोन दिवसांत गावभर मला मधुमेह. तिसऱ्या घरी चुलत सासूबाईंसमोर मी स्वतःच उठून बशी घेतली आणि म्हटलं, “काकी, तुमच्यातलाच बशीभर द्या.” त्यांनी स्वतःच्या कपातला ओतला. दोघींचा मिळून एक कप. त्यांना ते फार आवडलं. त्या युक्तीनं पुढची घरंही निभावली.

आकड्यांचं सांगते. 28 जूनला सीबीसी आणि फेरिटिन पुन्हा, हजार रुपये. हिमोग्लोबिन 12.1, फेरिटिन 19. ह्यात मोठा वाटा गोळ्यांचा आहे, चहा कमी केल्यानं गोळ्यांना काम करता आलं एवढंच म्हणता येईल. बीपी होतं तेवढंच. वजन दीड किलोनं उतरलं, ते साखरेचं असावं. आंबट ढेकर गेले. टपरी आणि बाटल्यांचे मिळून महिन्याला तेराशेच्या आसपास वाचतात, पण सोडा, लिंबं आणि मनुक्यांत त्यातले चारशे जातात. सहा महिन्यांत डॉक्टर, लॅब, सोनोग्राफी, गोळ्या मिळून साडेपाच हजारांवर खर्च झाला. आता दिवसाला सकाळचा मग आणि दहाचा कटिंग, कधी संध्याकाळी पाहुण्यांबरोबर अर्धा. सकाळचा मग मी सोडणार नाही. सोडायचा विचारही नाही.

31 ऑगस्टला, गणपतीतल्या रविवारी, आमच्या पेठेतल्या मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. सकाळी पोटभर उपमा खाऊन गेले, रात्री आठ तास झोपले होते. मुलगाही आला, नुकताच अठरा पूर्ण झालेला. पुन्हा बोट, पुन्हा काचनळी, पुन्हा तेच निळं पाणी. थेंब सुटला. खाली गेला, मध्यावर रेंगाळला. मी टेबलाची कड धरली. रक्तपेढीची मुलगी म्हणाली, “मॅडम, हलवू नका.” थेंब आणखी थोडा उतरला आणि थांबला. तिला खात्री वाटेना, म्हणून मशीन आणलं. 12.6.

साडेतीनशे मिली घेतलं. पंचावन्न किलोच्या खाली वजन असलं की तेवढंच घेतात. बाईंना पुढचं दान चार महिन्यांनी, पुरुषांना तीन, असं कार्डावर लिहून दिलं. पलंगावरून उठवून शेजारच्या खुर्चीत बसवलं. मंडळाचा एक पोरगा ट्रे घेऊन आला. एका बाजूला कोल्ड्रिंकचे ग्लास, दुसऱ्या बाजूला कॉफीचे कागदी कप, मध्ये ग्लुकोज बिस्किटं.

“पाणी मिळेल का?” मी विचारलं.

“काकू, काहीतरी घ्यायलाच लागतंय. त्याशिवाय सर्टिफिकेट देत नाहीत.”

शेजारच्या खुर्चीत मुलगा दंड दाबून बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, ट्रेकडं बघितलं, आणि खिशातून फोन काढून सकाळपासूनच्या माझ्या रेघा बघितल्या. “एकच झालाय,” म्हणाला. मी कॉफी घेतली. साखर फार होती.